रणगाड्यासमोरचा तो माणूस चिरडला गेला नव्हता
४ जून आला की आमच्या नागपूरच्या ग्रुपवर तोच फोटो फिरतो : ‘बीजिंगमध्ये रणगाड्याखाली चिरडलेला शहीद’. नाही भाऊ. फोटो ५ जून १९८९चा, लोकशाही मागणाऱ्या आंदोलकांवर चिनी सैन्यानं गोळ्या झाडल्या त्या तिआनमेन हत्याकांडानंतरचा. पांढरा शर्ट, हातात पिशव्या, जणू सीताबर्डीहून बाजार करून निघालाय. व्हिडिओ पूर्ण पाहा : रणगाडा त्याला चुकवू पाहतो, हा पुन्हा आडवा येतो, वर चढून आतल्यांशी बोलतो. शेवटी काही जण त्याला बाजूला नेतात. तो कोण, हे आजही उघड नाही.

माणसं मेली ती बहुतेक ३ जूनच्या रात्रीपासून, तिआनमेन चौकाच्या आसपासच्या रस्त्यांवर, गोळ्यांनी. त्यांच्यासाठी हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात १९९०पासून दरवर्षी मेणबत्त्या लागायच्या. २०२०मध्ये कोरोनाचं कारण देत बंदी आली. तरी हजारो लोक कठडे ओलांडून आत शिरले.