होडी छोटी, वर्तुळ मोठं

२०१७च्या डिसेंबरात ओखी वादळातून वाट काढत ६८ मच्छीमार बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या. ६६ केरळच्या, २ तमिळनाडूच्या, माणसं ९५२. माणसं वाचली याचा आनंद झालाच, पण बातमी वाचून झाल्यावर एक हिशेबी किडा डोक्यात वळवळत राहिला. एवढ्या बोटी एका बंदरात मावायच्या, तर प्रत्येकीला जागा किती लागेल?

जमिनीवर हा प्रश्न सोपा आहे. गाडी लावली, हँडब्रेक ओढला, की ती सकाळी तिथेच सापडते. नांगरलेली होडी मात्र एका जागी उभी नसते. ती दाव्याला बांधलेल्या गुरासारखी असते. खुंटा एका जागी, जनावर कुठेही. तिची खरी जागा मोजायची तर होडी मोजून भागत नाही, दावं मोजावं लागतं.

हे दावं लांब का ठेवावं लागतं, ते आधी पाहू. पुष्कळांना वाटतं की नांगर जड असतो म्हणून होडी अडून राहते. तसं नाही. दहा-पंधरा किलोचा नांगर काही टनांची होडी धरतो, तो वजनावर नव्हे, तर तळाच्या चिखलात किंवा वाळूत रुतून. आपल्या भाषेत शेतातला नांगर आणि समुद्रातला नांगर यांना एकच शब्द आहे. एक संस्कृत ‘लांगल’वरून आला, दुसरा फारसी ‘लंगर’वरून, आणि मराठीत दोघे जुळ्यासारखे दिसू लागले. योगायोग असा, की जी. आय. टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये छोट्या होड्यांसाठी नवा नांगर काढला, त्याचा फाळ हुबेहूब शेतातल्या नांगरासारखा होता! प्रवाहांच्या आणि खळबळीच्या शास्त्रात ज्याचं नाव आदरानं घेतलं जातं तोच हा टेलर. स्वतः शिडाच्या होडीतून भटकणारा होता, त्यामुळे रात्री नांगर सुटण्याची धास्ती त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती. त्याच्या नांगराचं नाव ‘सीक्यूआर’. ही इंग्रजी अक्षरं भरभर म्हणून पाहा, ‘सुरक्षित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ऐकू येईल.

फाळ रुतून राहायचा तर त्याला ओढ आडवी बसली पाहिजे. दोर वरच्या दिशेनं ओढू लागला की नांगर उपटला जातो. नांगर वर काढताना आपण नेमकं हेच करतो, होडी त्याच्या डोक्यावर आणून सरळ वर खेचतो. म्हणून ठोकताळा असा: तळापासून होडीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, जेवढी उंची, तिच्या निदान पाचपट दोर किंवा साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर सातपट. पाचपट दोर ताणून सरळ झाला तर तळाशी सुमारे साडेअकरा अंशांचा कोन करतो. तिपटीला तोच कोन साडेएकोणीस अंशांवर जातो आणि फाळाचं टोक उचकटू लागतं. साखळीचं जमतं ते यामुळेच. ती स्वतःच्या वजनानं झोका खाऊन लोंबते आणि तिचं तळाकडचं टोक जमिनीवर लोळत राहतं, म्हणजे ओढ आपोआप आडवी. लोंबत्या साखळीची वक्ररेषा नेमकी कोणती, हे कोडं १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नोली या तिघा गणितज्ञांनी सोडवलं. वारा जोराचा झाला की मात्र हा झोका संपतो, साखळी दोरीसारखी ताठ होते आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा दहा चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ढोबळमानानं ६० किलो वजनाएवढा रेटा देतो, आणि ताशी ७२ किलोमीटरचा वारा १२० नव्हे, २४० किलोंचा.

आता आकडे घेऊन बसू. दहा मीटरची होडी, ओहोटीला चार मीटर पाणी, नाळ पाण्यापासून एक मीटर वर. पाचपट म्हणजे २५ मीटर दोर. झालं? नाही. भरतीला अडीच मीटर पाणी चढलं की उंची साडेसात मीटर होते आणि तोच दोर जेमतेम सव्वातीनपट उरतो. मुंबईत मोठ्या उधाणाला साडेचार मीटरपर्यंत चढतं, तिथे तर तो अडीचपटीपर्यंत येतो. दोर भरतीच्या पाण्यावर मोजायचा, ओहोटीच्या नाही. अडीच मीटरच्या भरतीसाठी साडेसदतीस मीटर सोडला, त्यात होडीची लांबी मिळवली, की वर्तुळाची त्रिज्या आली सुमारे ४७ मीटर. क्षेत्रफळ जवळजवळ ६९ गुंठे. होडी स्वतः व्यापते गुंठ्याचा तिसरा हिस्सा, आणि तिला फिरायला हवी पावणेदोन एकराच्या आसपास जागा! आसऱ्याच्या ६८ बोटी एवढ्याच लांबीच्या धरल्या तरी हिशेब ११७ एकरांवर जातो.

सगळ्या होड्या एकसारख्या असत्या तर इतकी चैन करावी लागली नसती. वारा फिरला की सगळ्या एकदम फिरल्या असत्या, कवायतीतल्या पोरांसारख्या, आणि त्यांची वर्तुळं एकमेकांवर आली तरी होड्या भेटल्या नसत्या. देवगडच्या किल्ल्यावरून खाली पाहिलं तर बहुतेक वेळ असंच चित्र दिसतं, सगळ्यांच्या नाळा एका दिशेला. गडबड होते ती पाणी उलटताना. साधारण सव्वासहा तासांनी प्रवाह दिशा बदलतो, मध्ये थोडा वेळ थबकतो, आणि तेवढ्यात प्रत्येक होडी आपापल्या मनाची होते. समुद्राचं पाणी हवेच्या साडेआठशेपट दाट. त्यामुळे सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालण्यापेक्षाही संथ प्रवाह, सारख्याच पृष्ठभागावर ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याएवढा रेटा देतो. खोल तळाची जड होडी पाण्याचं ऐकते. उथळ, उंच टपाची हलकी होडी वाऱ्याचं. भरती आत येतेय आणि वारा जमिनीवरून बाहेर वाहतोय अशा वेळी शेजारशेजारच्या दोन होड्या पाठमोऱ्या एकमेकींवर सरकू शकतात. त्यात एक साखळीवर आणि दुसरी दोरावर असेल तर आणखी पंचाईत. मंद वाऱ्यात साखळीवाली जागच्या जागी डुलते, दोरावाली अख्खं अंगण हिंडून येते.

हे ध्यानात घेतलं की बंदरातली रीत नुसती सभ्यता वाटत नाही. जो आधी आला त्याचा नांगर आधीच रुतलेला असतो, त्याचं वर्तुळ ठरून गेलेलं असतं. नंतर येणाऱ्याला अजून निवड करता येते, म्हणून अंतर राखण्याची जबाबदारी त्याची. आपण टाकलेला नांगर दुसऱ्याच्या साखळीवरून आडवा जाऊ द्यायचा नाही. मागून, सावकाश यायचं, वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे नाळ करून, आणि मग मागे सरकत दोर सोडायचा. वरून ढीग ओतला तर साखळीचं गाठोडं नांगरावरच बसतं. शेवटी इंजिन उलटं चालवून नांगर खरंच धरला का ते पाहायचं. हा शेवटचा टप्पा कंटाळ्यापोटी वगळणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांच्या बाजूला नांगरलेल्यांची झोप उडते.

अंधार पडल्यावर नांगरलेल्या जहाजानं चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा आणि दिवसा काळा गोळा टांगायचा, हे १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. धुक्यात मिनिटाच्या आत पुन्हा पुन्हा, पाच-पाच सेकंद घंटा वाजवायची, हेही.

तळाशीही शेजारी असतात. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. फरफटणारी साखळी तिथे दर भरती-ओहोटीला झाडू मारल्यासारखी फिरते. असल्या ठिकाणी नांगर टाकण्यापेक्षा तळाशी कायम रोवलेल्या तरंगत्या बोयाला होडी बांधणं केव्हाही बरं.

आपल्या मच्छीमारांनी दाटीचा प्रश्न वेगळ्याच रीतीनं सोडवला आहे. ते वर्तुळं वेगळी ठेवतच नाहीत. पाच-सहा बोटी खांद्याला खांदा लावून बांधतात, मधे जुने टायर लोंबकळतात, आणि शेवटच्या बोटीचा खलाशी बाकीच्यांच्या फळ्यांवरून चालत किनाऱ्याला जातो. एकत्र बांधलेल्या बोटी एकत्रच फिरतात, म्हणून आदळण्याचा मुख्य धोका जातो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सगळ्यांचा रेटा मोजक्या नांगरांवर येतो, आणि बंदरात लाटा शिरू लागल्या की लहानमोठ्या बोटी वेगवेगळ्या ठेक्यात डोलतात. मग टायर पिळवटतात, दोर तुटतात. जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, हे आधीच ओळखून आपली बोट वेळेत सोडवून घेतो.

नांगर धरून आहे की सरकतोय हे पाहायला आता मोबाइलवर गजर लावता येतो. जुनी युक्ती त्याहून लवकर कळवते. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत धरून ठेवायचे. होडी झुलते तेव्हा कळस माडाच्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे जातो आणि परत येतो. परत आला नाही, तर उठायचं.

आणि ओळखीच्या नसलेल्या बंदरात शिरताना इंजिन मंद करून शेजारच्या बोटीला हाक मारायची: ‘‘तांडेल, दोर किती सोडलाय?’’ उत्तर मीटरमध्ये येवो की वावांत (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं जुनं माप), त्यावरून त्याचं वर्तुळ काढता येतं.