नाचणीतलं एक प्रथिन आणि रक्तातली साखर

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि नाचणीला पुन्हा चांगले दिवस आले. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यासोबत एक संदेश मोबाइलवरून घरोघरी पोहोचला: ‘नाचणीने साखर वाढतच नाही, मधुमेहींनी बिनधास्त खावी.’ हे साफ चुकीचं आहे. नाचणीच्या दाण्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पिष्ट, म्हणजे स्टार्च असतो आणि पचल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. तरीही याच दाण्यात साखरेशी थेट संबंध असलेली एक विलक्षण गोष्ट आहे, आणि ती या संदेशांत कधीच सापडत नाही.

शाळेतलं थोडं आठवू. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या तोडतं. ते थोडं लाळेत असतं, पण खरं काम स्वादुपिंडातून येणारं अमायलेज लहान आतड्यात करतं. उरलेले छोटे तुकडे आतड्याच्या अस्तरावरची विकरं फोडतात आणि सुटं झालेलं ग्लुकोज रक्तात जातं. म्हणजे अमायलेजला कुणी अडवलं, तर जेवणानंतरची साखर सावकाश चढेल.

नाचणीत असा अडवणारा आहे. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातले बी. शिवराज आणि टी. एन. पट्टाबिरामन यांनी १९८१ साली नाचणीतल्या एका प्रथिनाचे गुणधर्म प्रसिद्ध केले. ते अमायलेजला रोखतं आणि प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनलाही रोखतं. रेणू केवढा? फक्त १२२ अमिनो आम्लांचा. पाच ठिकाणी गंधकाच्या जोड्यांनी तो आतून घट्ट बांधलेला आहे, म्हणून उष्णतेला फारशी दाद देत नाही. गंमत अशी की ट्रिप्सिनला पकडणारा भाग एका बाजूला आहे आणि अमायलेजला पकडणारा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे एकच रेणू एकाच वेळी दोघांनाही धरून ठेवू शकतो.

तो अमायलेजला कसा धरतो, हे १९९८ मध्ये स्फटिकांवर क्ष-किरण टाकून दिसलं. हे काम जर्मनीतल्या गटाचं; नोबेलविजेते रॉबर्ट ह्यूबर त्यात होते. त्यांनी अमायलेज घेतलं ते टेनेब्रियो मॉलिटर या धान्यातल्या किडीच्या अळीचं. अमायलेजच्या रेणूत एक खोल घळ असते. स्टार्चची साखळी तिथे बसते आणि तळाशी असलेली तीन आम्लधर्मी अमिनो आम्लं तिच्यावर कात्री चालवतात. नाचणीच्या प्रथिनाचं सुरुवातीचं टोक एरवी सैल, बिनआकाराचं लोंबत असतं. अमायलेज भेटलं की ते पीळ घेऊन आकार धरतं आणि कुलपाच्या भोकात काडी अडकावी तसं थेट त्या घळीत शिरतं. त्याचं पहिलंच अमिनो आम्ल, सेरीन, त्या तीन कात्रीवाल्यांच्या समोर जाऊन बसतं. स्टार्चला जागाच उरत नाही. मधुमेहात दिलं जाणारं अकार्बोज हे औषधही पिष्टाचं पचन लांबवतं, पण ते साखरेच्या साखळीची नक्कल करून. नाचणीचं टोक साखरेसारखं अजिबात दिसत नाही आणि तरी तेच काम करतं. मला या रेणूचं सर्वात जास्त अप्रूप वाटतं ते इथे.

अर्थात नाचणीने हे आपल्या मधुमेहासाठी घडवलेलं नाही. दाणा कुरतडणाऱ्या किडीला स्टार्चही पचू नये आणि प्रथिनही पचू नये, हा त्यामागचा हिशोब. डुकराच्या स्वादुपिंडातलं अमायलेजही या प्रथिनाच्या तावडीत सापडतं. ते आपल्या अमायलेजशी खूप मिळतंजुळतं आहे.

मग भाकरी हेच औषध का नाही? शंभर ग्रॅम नाचणीत सगळी मिळून प्रथिनं सातेक ग्रॅम, त्यातला हा एक छोटा वाटा. त्यालाही आधी तवा आणि नंतर जठरातलं आम्ल व प्रथिनं तोडणारं पेप्सिन पार करायचं असतं. आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे आपलं स्वादुपिंड गरजेच्या कितीतरी पट अमायलेज सोडतं. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घेवड्याच्या बियांतल्या अशाच प्रथिनाच्या गोळ्या ‘स्टार्च ब्लॉकर’ म्हणून धडाक्यात खपल्या. ‘हवं तेवढं खा, पिष्ट पचणारच नाही,’ असा दावा होता. १९८२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यांची विक्री थांबवली. त्याच वर्षी माणसांना स्टार्चने भरलेलं जेवण आणि गोळ्या देऊन मल तपासला गेला, तर न पचलेला स्टार्च वाढलेला नव्हता. पुढे अशाच प्रथिनाचा शुद्ध आणि भरपूर डोस दिला तेव्हा मात्र जेवणानंतरची साखर कमी चढली. म्हणजे तत्त्व खरं, पण प्रमाण गाठलं तरच. आजही जुन्याच दाव्याला ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून गोळ्या विकल्या जातात. त्यावर पैसे घालवू नयेत.

नाचणीतल्या या प्रथिनाच्या कुळातली प्रथिनं गव्हातही आहेत. तिथे त्यांची दुसरी बाजू दिसते: ती आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना डिवचू शकतात, असं २०१२ मधल्या संशोधनातून पुढे आलं.

नाचणीचा खरा फायदा तिच्या कोंड्यात, तंतुमय भागात आहे, आणि तोच आपण काढून टाकतो. सत्त्व करताना नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची. चोथा फडक्यात राहतो आणि खाली बसलेला साका वाळवून आपण डब्यात भरतो. तो साका म्हणजे मुख्यतः स्टार्चच. दात न आलेल्या बाळाला तो सोसतो, कारण तो झटकन पचतो. मधुमेही आजोबांना मात्र तेच सत्त्व गूळ घालून ‘पौष्टिक’ म्हणून वाटीभर दिलं, तर साखर भराभर चढेल. त्यांच्यासाठी न चाळलेल्या पिठाची एक भाकरी, सोबत उसळ आणि पालेभाजी हे ताट कितीतरी बरं. घरात ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस सत्त्व आणि एक दिवस भाकरी, पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजून पाहावं.