घोरपडीचं घर मातीपासून सुरू होतं

सव्हाना मॉनिटर ही पश्चिम आफ्रिकेतली घोरपड पाळायची असेल, तर सर्वांत आधी घराच्या फरशीची चौकशी करावी. पूर्ण वाढलेल्या घोरपडीला साधारण 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद जागा लागते, आणि त्या सगळ्या जागेत निदान अर्धा मीटर खोल ओलसर माती. हिशेब केला तर जवळपास दीड घनमीटर माती होते. या मातीचं वजन 2 टनांच्या वर जातं, म्हणजे दर चौरस मीटरला 750 किलोच्या आसपास. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून बांधलेला असतो. त्यामुळे हा पिंजरा तळमजल्यावर किंवा तळघरातच शोभतो. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हा विचार इथेच सोडलेला बरा.

एवढी माती कशासाठी, हे समजून घ्यायला ही घोरपड मुळात राहते कुठे ते पाहायला हवं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात येणारी बहुतेक पिल्लं घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून निघतात. तिथल्या गवताळ प्रदेशात पावसाळा आणि कोरडा काळ असे दोन ठळक ऋतू असतात. पिल्लं पावसाच्या सुमारास अंड्यांतून बाहेर पडतात आणि थेट जमिनीत शिरतात. घोरपडींचे अभ्यासक डॅनियल बेनेट यांनी घानामध्ये केलेल्या पाहणीत लहान पिल्लं मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत राहताना आढळली. तेच रातकिडे त्यांचं खाणंही असतं. वरच्या रानात कडक ऊन असलं, तरी हाता-दीड हाताच्या खाली माती गार असते आणि बिळातली हवा बाष्पाने भरलेली असते. ‘सव्हाना’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाळकं गवत येतं आणि दुकानदार पिल्लाला कोरड्या भुशावर ठेवतो. प्रत्यक्षात या प्राण्याच्या आयुष्याचा मोठा भाग दमट अंधारात जातो.

काचेच्या पेटीत काय बिनसतं, ते साध्या भौतिकशास्त्राने कळतं. खोलीतली हवा 25 अंश सेल्सिअसवर 50 टक्के आर्द्र असेल आणि दिव्याखाली ती 45 अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच बाष्पानिशी तिची सापेक्ष आर्द्रता 17 टक्क्यांच्या खाली घसरते. गरम हवेची बाष्प धरायची क्षमता वाढलेली असते, म्हणून ती ओलावा मिळेल तिथून ओढते. पेटीला वरून जाळी असेल तर ही गरम हवा वर निघून जाते आणि खोलीतली नवी हवा खालून येऊन पुन्हा तापत राहते. घोरपड श्वासावाटे आणि कातडीतून पाणी गमावते. समोर पाण्याचं भांडं असलं, तरी ही तूट भरून निघेलच असं नाही. सरडे आणि घोरपडी शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. पाणी कमी पडलं की ते आम्ल मूत्रपिंडांत आणि सांध्यांत साचतं. हा गाऊट वर्ष-दोन वर्षं मुकाट वाढत राहतो, आणि एक दिवस प्राणी पाय टाकेनासा होतो. बाहेरून तो तोपर्यंत ‘शांत आणि माणसाळलेला’ वाटत असतो, हे मला फार वाईट वाटतं.

माती कोणतीही चालत नाही. नुसता कोकोपीट किंवा झाडाच्या सालीचे तुकडे घातले तर बोगदा ढासळतो. बागेतली खतं-औषधं न मारलेली थोडी चिकण माती आणि वाळू एकत्र करून पाणी घालावं. मूठभर उचलून दाबली की लाडू वळला जावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. मग थर देत देत ती पायाने तुडवून घट्ट करावी. भुसभुशीत माती दिसायला छान असते, पण बीळ धरून ठेवत नाही. एका कोपऱ्यात हाताने तिरकं भोक पाडून दिलं की पिल्लू तिथून पुढचं काम स्वतः करतं. आधी दुभंगलेली जीभ मातीवर फिरते, मग एकच पुढचा पंजा चार-पाचदा ओरखडतो, मग दुसरा. साठलेली माती मागच्या पायांनी ढकलली जाते आणि थोड्या वेळाने फक्त शेपूट बाहेर उरतं.

एवढी ओली माती सांभाळायला काच कामाची नाही. जाड प्लायवूडची पेटी करावी आणि आतून शेततळ्यात अंथरतात तसलं जाड अस्तर लावावं. छत बंद ठेवावं. हवा खेळण्यासाठी एका बाजूला लहान झरोका पुरतो.

आता उष्णता. ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग 55 ते 60 अंश तापलेला असावा, हे ऐकून नवखे घाबरतात. घोरपड तिथे दिवसभर बसत नाही. काही मिनिटांत शरीर 36 अंशांच्या आसपास आणते आणि निघून जाते. दुसरं टोक 25 ते 28 अंशांवर राहिलं पाहिजे. घात होतो तो एकाच जळजळीत दिव्याने. मीटरभर लांबीच्या प्राण्याच्या पाठीचा तळहाताएवढा भाग भाजतो, बाकीचं धड गारच राहतं, म्हणून तो आणखी बसून राहतो. त्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन-तीन हॅलोजन फ्लडलाइट ओळीत लावावेत, म्हणजे खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सारखी ऊब मिळते. दिव्यांना जाळीचं संरक्षण हवंच. तापमान अंदाजाने न ठरवता इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावं.

घोरपडींची पैदास करणारे अमेरिकेतले फ्रँक रीटीझ यांच्या नावाने ओळखली जाणारी एक साधी रचना मला मनापासून आवडते. प्लायवूडचे तुकडे मध्ये बोटभर-दोन बोटं फट ठेवून एकावर एक रचायचे आणि ही चळत दिव्याखाली ठेवायची. वरची फळी सर्वांत गरम, खालची प्रत्येक फट थोडी गार. अंगाला दोन्ही बाजूंनी आधार लागला की घोरपडीला सुरक्षित वाटतं, त्यामुळे लपून राहूनही तिला हवं ते तापमान निवडता येतं.

दिव्याखाली बसलेल्या घोरपडीचा गळा नीट पाहावा. तो भात्यासारखा फुगतो आणि आत जातो. सरड्यांचं धड धावताना डावी-उजवीकडे वळतं, त्यामुळे धावणं आणि श्वास घेणं एकाच वेळी अवघड होतं. घोरपड गळ्यातली हवा फुप्फुसांत ढकलून ही अडचण सोडवते. हे 1999 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत याच जातीवरच्या प्रयोगांतून दाखवलं गेलं. पुढे 2014 मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत आलेल्या संशोधनाने आणखी एक गोष्ट उघड केली. याच घोरपडीच्या फुप्फुसांच्या बऱ्याच भागात हवा श्वास घेताना आणि सोडताना एकाच दिशेने वाहते. असा प्रवाह पक्ष्यांची खासियत मानला जायचा. इतकी दमदार फुप्फुसं घेऊन आलेला प्राणी आणि त्याला दोन पावलांची पेटी, हा हिशेब जुळत नाही.

अतिनील-बी किरण देणारी टी-5 प्रकारची बारीक ट्यूब दिवसाचे 12 तास लावावी. मध्ये काच आली तर हे किरण अडतात. अंग बुडेल एवढं पाण्याचं घमेलं ठेवावं आणि पाणी रोज बदलावं, कारण विष्ठा बहुधा त्यातच पडते. खाणं मुख्यतः किड्यांचं असतं. पाळलेली झुरळं, रातकिडे, गोगलगाई मातीत सोडल्या की ती उकरून शोधते. रोज उंदीर घालून फुगवलेल्या घोरपडींच्या यकृतात चरबी साचते. मादी असेल तर खोल माती आणखी महत्त्वाची ठरते. नर नसतानाही तिच्यात अंडी तयार होऊ शकतात, आणि घालायला योग्य जागा न मिळाल्यास ती पोटात अडकून मादी दगावते.

भारतात राहणाऱ्यांनी कायदा आधी पाहावा. आपली रानातली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे, जखमी सापडली तर वन विभागाला कळवायचं. सव्हाना मॉनिटर साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. 2024 च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. परदेशातल्या मराठी घरांनी आपापल्या राज्याचे नियम तपासावेत.

पेटी तयार झाली की पिल्लू लगेच आणू नये. दिवे आधी दोन-तीन आठवडे रिकाम्या पेटीत चालू ठेवावेत. रोज सकाळी आणि दुपारी चार ठिकाणी मोजमाप घ्यावं: दिव्याखालची फळी, गार टोक, बोगद्याचं तोंड आणि बोगद्याचा तळ. पहिल्या आठवड्यात वरची माती हमखास सुकते. ती किती पाण्याने आणि किती दिवसांनी पुन्हा ओली करावी लागते, याचा अंदाज याच काळात येतो. विजेचं बिलही तेव्हाच कळतं, आणि ते पुढची दहा वर्षं तरी भरायचं असतं. बोगद्याच्या तळाशी बुरशीचा वास न येता हवा दमट राहू लागली आणि दिव्याखालचा आकडा रोज तोच दिसू लागला, की मग विक्रेत्याला फोन करावा.