वेबसाइटचा सर्व्हर आयपी बदलणे

चालू वेबसाइट जुन्या सर्व्हरवरून नव्या आयपी पत्त्याच्या सर्व्हरवर नेणं. डोमेनचं नाव तेच राहतं, त्यामागचे आकडे, म्हणजेच आयपी पत्ता, बदलतात, आणि कुठल्या नावाला कुठला आकडा याची नोंद डीएनएसमध्ये असते (ही सिस्टिम पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली).

ए रेकॉर्डमध्ये (डीएनएसमधली नाव-आयपीची नोंद) नवा आयपी टाकला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण जुना पत्ता ठिकठिकाणच्या रिझॉल्व्हरच्या (नावावरून आयपी शोधून देणारे सर्व्हर) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून असतो आणि तो किती वेळ राहणार हे टीटीएलवर (रेकॉर्डसोबत लिहिलेली मुदत) ठरतं, ८६४०० सेकंद असेल तर अख्खा दिवस. म्हणून दोन दिवस आधीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा. हे नाही केलं तर नाशिकच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात नवी साइट उघडते आणि पंचवटीतल्या लॉजवाल्याला जुनीच दिसते.

खरा धोका याच मधल्या वेळात असतो. समजा त्र्यंबकेश्वरला दर्शनाला येणाऱ्या कुणी रात्री रूम बुक केली आणि ती एन्ट्री जुन्या डेटाबेसमध्ये पडली, तर मालक सकाळी नव्या पॅनलमध्ये बघतो तिथे काहीच नाही, आणि दुपारी पाहुणे बॅगा घेऊन दारात हजर. त्यामुळे डेटाबेसची शेवटची कॉपी घ्यायच्या आधी जुनी साइट मेंटेनन्स मोडवर (फक्त ‘काम चालू आहे’ असं दिसतं, नवी एन्ट्री होत नाही) टाकायचीच, यात तडजोड नको. नवी साइट नीट चालते का हे आधीच आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (लॅपटॉप डीएनएसच्या आधी हीच बघतो) नवा आयपी आणि डोमेन लिहून बघता येतं, नंतर ती ओळ आठवणीने काढायची.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या लांब आयपी पत्त्यांसाठीचा, एएएए रेकॉर्ड बदलायचा हमखास राहून जातो. मग वायफायवर नवी साइट आणि आयपीव्ही६ वापरणाऱ्या जिओच्या मोबाइलवर जुनी, असा घोळ होतो.

मेलही त्याच सर्व्हरवर असेल तर एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ती नोंद) कुठे जातोय ते बघा, एसपीएफमधला (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ती यादी) आयपी बदला, आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) होस्टिंगवाल्याकडून लावून घ्या, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातात. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष एक्स्पोर्टरचं नेदरलँडशी सगळं बोलणं मेलवर चालत असेल तर जानेवारी ते मार्च, म्हणजे निर्यातीच्या हंगामात, या कामाला हातच लावू नये. लॉजवाल्यांनी २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या बऱ्याच आधी उरकून घ्यावं.

जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही, त्याचा अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर कोण आलं याची नोंद) बघत राहायचं आणि त्यात बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) सोडून कुणी येत नाही असं दिसलं की मगच प्लॅन कॅन्सल करायचा.