सीएनजी आणि एलपीजी : आदर्श वायूचे सूत्र कोणाला लागू पडते?

रिक्षाच्या टाकीतला सीएनजी आणि स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला एलपीजी या दोहोंना आपण सरसकट ‘गॅस’ म्हणतो, त्यामुळे दाब, आकारमान आणि तापमान यांची सांगड घालणारे आदर्श वायूचे (म्हणजे रेणूंना स्वतःचे आकारमान आणि एकमेकांची ओढ नाही असे मानलेल्या वायूचे) सूत्र दोन्हींना सारखेच लागू पडेल असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे ते पडत नाही, आणि याचे मूळ क्रांतिक तापमानात आहे. या तापमानाच्या वर वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. सीएनजीतला मुख्य घटक मिथेन. त्याचे क्रांतिक तापमान उणे 82.6 अंश सेल्सिअस आहे. एलपीजीतल्या प्रोपेनचे सुमारे 97, तर ब्यूटेनचे सुमारे 152 अंश आहे.

म्हणूनच 200 बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे 200 पट, दाबालाही टाकीतला मिथेन वायूच राहतो. मात्र वायू राहिला म्हणजे तो आदर्श झाला, असे नव्हे. 60 लिटरच्या टाकीत 25 अंशांना 200 बार दाबाने शुद्ध मिथेन भरला, तर सूत्राप्रमाणे तो पावणेआठ किलोच्या आसपास भरायला हवा. प्रत्यक्षात नऊ किलोच्या आसपास मावतो, कारण इतक्या जवळ आलेले रेणू एकमेकांना ओढून घेतात. दाब याहून खूपच वाढवला, तर रेणूंचे स्वतःचे आकारमान आड येऊ लागते आणि चूक उलट दिशेला जाते. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी 1873 मध्ये आपल्या समीकरणात याच दोन दुरुस्त्या केल्या. टाकीतला गॅस वापरला की दाब उतरतो, त्यामुळे सीएनजीचा काटा पाहून शिल्लक गॅसचा अंदाज येतो.

एलपीजीच्या सिलिंडरला असा काटा लावून उपयोग नाही. नेहमीचे तापमान प्रोपेन आणि ब्यूटेनच्या क्रांतिक तापमानाच्या खालीच असते, म्हणून दाबाखाली त्यांचा द्रव होतो आणि आत द्रव व त्याचे बाष्प एकत्र नांदतात; बर्नरकडे बाष्प गेले की तेवढाच द्रव उकळून त्याची जागा भरून काढतो आणि द्रव संपत येईपर्यंत दाब जवळजवळ तसाच राहतो. त्या उकळण्याने द्रव थंड होतो, म्हणून एकसारख्या वापरात सिलिंडरच्या बाहेरून दव धरते आणि त्याची वरची कडा आतल्या द्रवाची पातळी दाखवते. गॅस किती उरला हे नेमके कळण्यासाठी सिलिंडरचे वजन करून त्यातून त्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा करावे लागते. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये ही वजाबाकी 14.2 किलो येते.

आणि तरीही हाच एलपीजी रेग्युलेटरमधून बाहेर पडून वातावरणापेक्षा किंचित अधिक दाबाने नळीत आला, की रेणू दूर दूर जातात आणि तेच सूत्र त्याला दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने लागू पडते.