रजेच्या मुदतीतला मराठवाडा : परदेशस्थ लघुपटकारांची पार्श्वभूमी

परदेशात राहून मराठवाड्यातील गावांवर लघुपट करणाऱ्या स्वतंत्र दिग्दर्शकाची वाट समजून घ्यायची, तर तो येथून बाहेर कसा पडला हे आधी पाहावे लागते. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली तेव्हा या भागाचे स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झाले. अभियांत्रिकीची दारे सर्वसामान्य घरांतील मुलांसाठी रुंदावली ती १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर, आणि पुढच्या दशकात संगणकाच्या नोकऱ्यांमागे लातूर, नांदेड, बीडकडची मुलेही अमेरिका-युरोपात गेली. चित्रपटाचे शिक्षण देणारी पुण्याची संस्था १९६० पासून होती, पण तेथे जागा मोजक्याच. त्यामुळे ज्याला ही ओढ होती, त्याच्या हाती कॅमेरा बहुधा परदेशातच, नोकरी सांभाळून आला. कॅमेरा तिकडचा आणि विषय इकडचा, हे नाते तसे जुनेच. छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी लंडनहून मागवलेल्या कॅमेऱ्यानेच १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली होती.

फिल्मच्या काळात हे काम फार खर्चाचे होते. १६ मिलिमीटरचे शंभर फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पावणेतीन मिनिटांतच संपते. चित्रित केलेली रिळे विमानतळावरील क्ष-किरणांपासून जपत परत न्यायची, प्रयोगशाळेत धुऊन घ्यायची आणि मगच काय हाती लागले ते कळायचे. तोवर गावचे पीक काढून झालेले असे, दृश्य पुन्हा घेण्याची सोय नसे. १९९५ नंतरच्या डिजिटल टेपने आणि २००८ पासून चलच्चित्र टिपू लागलेल्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यांनी ही अडचण दूर केली.

रजेची अडचण मात्र उरली, आणि माझ्या मते या लघुपटांच्या आशयावर सर्वांत खोल ठसा तिचाच आहे. नाताळच्या सुट्टीला जोडून मिळणाऱ्या दोन-तीन आठवड्यांत गावी यावे, तर शिवारात ज्वारी हिरवी असते, तूर काढणीला आलेली असते आणि हुरड्याचे दिवस जवळ आलेले असतात. ऊसतोडीच्या टोळ्या मात्र दसरा-दिवाळीनंतरच कारखान्यांकडे निघून गेलेल्या असतात, म्हणून बीडकडच्या वाड्या-तांड्यांवर कॅमेऱ्यापुढे येतात ती म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली लेकरे. तिकडच्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत सहकुटुंब यावे, तर पेरणी उरकून पाऊस लागलेला असतो. ज्या एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि टँकरभोवती घागरींची रांग लागते, ते दिवस या दोन सुट्ट्यांच्या नेमके मध्ये पडतात.

जर्मनीतील ओबरहाउझेन (१९५४) आणि फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ (१९७९) येथील महोत्सवांनी लघुपटाला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. तेथील प्रेक्षकासाठी दखनी (दख्खनची उर्दू बोली) किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) संवादांची उपशीर्षके करणे हे वेगळेच कष्टाचे काम. अलीकडे मे महिन्यातील दृश्ये गावातला एखादा भाचा मोबाइलवर टिपतो, आणि मामा तिकडे अमेरिकेत रात्री जागून, येथील सकाळचे ऊन चढण्याआधी, व्हिडिओ कॉलवरून त्याला चौकट समजावून देतो.