कांद्याच्या भावातील चढउतार

कांद्याचा दर काही आठवड्यांत दुपटी-तिपटीने चढणे किंवा उत्पादनखर्चाच्याही खाली कोसळणे, ही भारतीय बाजारातील जुनी घडामोड आहे. टोमॅटो आणि बटाटाही असेच हेलकावे खातात, पण सरकारे हादरवण्याचा लौकिक कांद्याचाच. १९९८ मध्ये दिल्लीत भाजपने सत्ता गमावली, त्यामागे कांद्याचा भडकलेला भाव हे एक मोठे कारण मानले जाते. देशात सर्वाधिक कांदा महाराष्ट्रात पिकतो आणि नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगावच्या लिलावात काय निघाले, यावर दूरदूरच्या बाजारांचे लक्ष असते.

भाव हलतो तो मुळात हंगामांमुळे. खरिपाचा लाल किंवा पोळ कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ कांदा अशी तीन पिके निघतात. पहिले दोन टिकत नाहीत. काढले की विकावेच लागतात. निम्म्याहून जास्त उत्पादन उन्हाळ कांद्याचे. मार्च ते मेमध्ये निघालेला हा माल चाळीत भरला जातो आणि देश त्याच्यावर नवा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, दिवस काढतो. चाळ म्हणजे खालून-बाजूंनी वारा खेळेल अशी, जमिनीपासून उचललेली पट्ट्यांची लांबट शेड. तरीही पावसाळ्यात दमट हवेने माल सडतो, काजळी धरते, शेवटी कोंब फुटतात. वजनातली घट धरून चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल हातचा जाऊ शकतो. अशा वेळी सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पावसाने शेतातला लाल कांदाही झोडपला, की भडका ठरलेला. २०१० आणि २०१९ मध्ये हेच झाले. २०१९ च्या डिसेंबरात किरकोळ दर किलोला शंभरावर गेला आणि तुर्कस्तान, इजिप्तचा कांदा मागवावा लागला.

उलट फेराही तितकाच ठरलेला. भाव चढले की पुढच्या हंगामात जो तो उळे, म्हणजे रोपांसाठी कांद्याचे बी, टाकतो, लागवड वाढते आणि सगळा माल एकदम बाजारात उतरतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही, त्यामुळे थोडी जादा आवकही दर पार खाली आणते.

लिलावात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, मूठभर कांदे चाळवून पाहतो, बोली होते आणि घोळका पुढे सरकतो. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल मिनिट-दोन मिनिटांत. पुढे पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत, हमाली, तोलाई, वाहतूक वजा होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापुरात ५१२ किलो कांदा किलोला एक रुपयाने विकला. कपात होऊन हातात दोन रुपयांचा धनादेश आला. त्यानंतर राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले.

अन्नसुरक्षेशी याचा संबंध काय, कांदा काही धान्य नव्हे, असे म्हणता येईल. पण अन्न असणे, ते परवडणे आणि अंगी लागणे यांबरोबर या सगळ्यांचे सातत्य हाही अन्नसुरक्षेचा आधार मानला जातो, आणि कांद्याचा घाव त्या सातत्यावर बसतो. कांदा-भाकर हे अनेक घरांत अख्खे जेवण असते. दर वाढले की भाकर तीच राहते, कांदा चतकोर होतो, पुढे नुसती चटणी. सुखवस्तू घरात भजी चुकतात, एवढेच. जी बाजू सहसा नजरेआड होते ती पिकवणाऱ्याची: तोही बाजारातून तेल, डाळ, साखर विकतच घेतो. मातीमोल विकलेला कांदा म्हणजे त्याच्या घरच्या किराण्याला लागलेली कात्री. चाळ नसलेला छोटा शेतकरी तर एप्रिलमध्ये पडेल भावाने विकतो आणि दिवाळीच्या सुमारास घरापुरता कांदा चढ्या भावाने आणतो.

सरकारी उपायांचे पारडे मात्र शहरी ग्राहकाकडे झुकलेले राहिले आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि निषेध म्हणून नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंद पडले. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. भाव चढल्यावर काही दिवसांत अधिसूचना निघते. पडल्यावर अनुदान येते ते माल विकून झाल्यावर. नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत उन्हाळ कांद्याचा राखीव साठा करून तो टंचाईत बाजारात सोडणे हा त्यातला बरा मार्ग, पण तो माल शेवटी ठेवायचा चाळीतच. कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र आहे, तिथे कांद्यावर किरणांचा मारा केला जातो. सगळा कांदा तिथून जाईल, एवढा त्याचा आवाका नाही.

बंदीचा चटका सीमेपलीकडेही बसतो. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ भारतीय कांद्यावर बरेच विसंबून राहत आले आहेत. २९ सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर ढाक्यात किलोचा दर पुढे दोनशे टाक्यांवर (टाका हे तिथले चलन) गेला. त्या ऑक्टोबरात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी भाषणात हिंदीत सांगितले, की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे बजावले आहे. आणि बंदी घालायचीच तर आधी कळवत जा, अशी कोपरखळीही मारली.